शुगर असलेलं हृदय

(दृश्य : पूर्व फिनलंड. तळी, जंगल, लाकडी घरं.)

एके काळी इथले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकारानं जायचे. इतके, की १९७२ साली उत्तर कारेलिया प्रांतात लोणी, मीठ आणि सिगारेट यांच्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली. पुढे याच देशातल्या संशोधकांना प्रश्न पडला : एकाला मधुमेह आहे, पण हार्ट अटॅक कधी आलेला नाही. दुसऱ्याला अटॅक येऊन गेलाय, पण मधुमेह नाही. जास्त धोका कुणाला?

अडीच हजारांच्या आसपास माणसं, सात वर्षं पाळत. १९९८ साली निकाल छापून आला. दोन्ही आजार नसलेल्यांपैकी शंभरात तीन-चार जणांना अटॅक आला. आधी अटॅक येऊन गेलेल्यांपैकी १९ जणांना. आणि नुसता मधुमेह असलेल्यांपैकी? २०. दोन्ही असलेल्यांचा आकडा ४५.

(दृश्य : दवाखान्यातली रांग, ईसीजीची पट्टी.)

तेव्हापासून मधुमेही म्हणजे हृदयरोगीच, असं डॉक्टर धरून चालले. ते जरा जास्तच झालं. २००९ साली तेरा अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या मधुमेहाचा धोका अटॅक येऊन गेलेल्यांपेक्षा बराच कमी निघाला. मधुमेह किती वर्षं मुरलाय, यावर पुष्कळ ठरतं.

पण एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. वाढलेल्या साखरेनं नसा बधिर होतात, मग छातीत कळच येत नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन आडवी होणारी माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? अटॅक येऊन गेल्याचं कधी कधी पुढच्या ईसीजीतच कळतं. बायकांचं तर आणखीच. पाळी जाईपर्यंत हृदयाला मिळणारं निसर्गाचं संरक्षण मधुमेह जवळजवळ पुसून टाकतो.

(दृश्य : स्वीडन. प्रयोगशाळेतल्या नळ्या.)

२०१८. स्वीडनमध्ये टाइप टू मधुमेहाच्या (मोठ्या वयात होणारा, सर्रास आढळणारा प्रकार) २ लाख ७१ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि धूम्रपान. ही पाचही ज्यांची आटोक्यात होती, त्यांना अटॅकचा धोका मधुमेह नसलेल्यांपेक्षा जास्त नव्हता. एक मात्र हटलं नाही. हृदयाचं पंपिंग कमी पडून रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण या शिस्तीच्या माणसांतही चढंच राहिलं.