चमचा समोरूनच दिसतो

(दृश्य: मिठागर, सकाळ)

थायलंडच्या आखातालगतची पाक थालेची मिठागरं. भरतीचं पाणी चढलं की बाहेरच्या चिखलावर चरणारे पक्षी आत, या उथळ वाफ्यांत उतरतात. बांधावर स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण, लावून आम्ही त्याच वेळेची वाट बघतोय.

आले. हे सगळे लाल मानेचे टिलवे, चिखलात चरणारे छोटे पक्षी. हिवाळ्यात मात्र मान करडीच. आणि आम्हाला हवाय तो पक्षी यांच्यातच मिसळून चरतो. आकार जवळपास तोच, रंगही तोच. स्पून-बिल्ड सँडपायपर, पक्षीनिरीक्षकांचा लाडका ‘स्पूनी’. चोचीच्या टोकाला चपटा चमचा, तोही अंड्यातून बाहेर येतानाच असलेला.

मग ओळखणं सोपं? कसलं काय! बाजूने पाहिलं तर चमचा दिसतच नाही, साधी काळी चोच. उलट टिलव्याच्या चोचीला चिखलाचा गोळा चिकटला की तोच स्पूनी वाटतो. पहिल्या तासात आम्ही तीनदा फसलो.

आमचा वाटाड्या म्हणाला, चोच सोडा, चरणं बघा. टिलवा शिवणयंत्राच्या सुईसारखा टोचत जातो. स्पूनी चोच पाण्यात ठेवूनच डावीउजवीकडे हलवत पुढे सरकतो. फरशी पुसावी तसा.

(दृश्य: नकाशा)

जगात हे पक्षी काही शेकडेच उरलेत. वीण रशियाच्या अतिपूर्वेला, चुकोतका भागात. तिथून चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्राच्या किनाऱ्याने इकडे हिवाळ्यासाठी सुमारे ८००० किलोमीटरचा प्रवास. घात झाला तो वाटेतल्या थांब्यांवर. ओहोटीला उघडा पडणारा चिखल माणसाच्या लेखी पडीक जमीन. दक्षिण कोरियात सेमांगुमला ३३ किलोमीटरहून लांब भिंत घातली आणि २००६ मध्ये तिथला चिखलपट्टा समुद्रापासून तोडला. पुढे २०१९ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरचा काही चिखल जागतिक वारसा ठरला. चिखलाला वारसा म्हणायला इतकी वर्षं लागली!

(दृश्य: स्कोपमधून)

साडेदहा. डावीकडून तिसरा. तो टोचत नाहीये, पुसतोय. पण आमच्याकडे पाठ. मग बाजू. पुन्हा पाठ.

आता बघा, मान वर... समोर वळला. दिसला चमचा?

ही एवढी चारच सेकंदं मिळाली. मागे ऐकू येतोय तो वारा नाही, आमच्या कॅमेरामनचा श्वास आहे. तेवढ्यात वरून एक शिकारी पक्षी गेला आणि अख्खा थवा उडाला.