नकार देण्याची ऐपत

मुक्त व्यापारातला न्याय हा आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की इथे मुक्त व्यापाराला दोन तास शिव्या ऐकायला मिळतील. तसं होणार नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली मांडलेलं गणित आजही खोडता येत नाही. त्याच्या उदाहरणात ठरावीक वाइन करायला पोर्तुगालला वर्षभर ८० माणसं लागतात, ठरावीक कापडाला ९०. इंग्लंडला त्याच कामांना १२० आणि १०० लागतात. दोन्हींत पोर्तुगाल सरस. पण वाइनमध्ये त्याची आघाडी जास्त मोठी, म्हणून त्याने वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, यात दोघांचाही फायदा. मात्र तो फायदा दोघांत कसा वाटायचा, हे त्या गणितात नाही. ते घासाघिशीत ठरतं, आणि तिथे ‘राहू दे’ म्हणून उठून जाणं ज्याला परवडतं, त्याचं चालतं.

दोघांनी राजीखुशीने केला म्हणजे सौदा न्याय्य, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं इतकंच, की सौदा मोडला तर कोणाचं किती बुडेल हे पाहिल्याशिवाय त्या राजीखुशीला अर्थ नाही.

हैती हा कॅरिबियन देश घ्या. १९९५ मध्ये तिथे तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं. कर्ज आणि मदत देणाऱ्यांचा रेटा होता. अमेरिकेतून सरकारी अनुदानावर पिकलेला तांदूळ आला आणि स्थानिक भातशेती मागे पडली. शहरातल्या गरिबाला स्वस्त भात मिळाला, हेही खरं. टीका करणारे हे वाक्य बहुधा गाळतात. पण २००८ मध्ये जगभर तांदूळ महागला, तेव्हा बाहेरचा घेणं परवडेना आणि घरचा पुरेना. दंगली झाल्या, पंतप्रधानांना जावं लागलं. पुढे २०१० मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं, की या धोरणाने त्यांच्या अर्कान्सास राज्यातल्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल, हैतीचं नाही. पहिल्या दिवशी शुल्क कमी ठेवायचं की नाही, हे ठरवणं निदान कागदोपत्री हैतीच्या हातात होतं. तेरा वर्षांनी तेही राहिलं नव्हतं.

आता कापूस. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण इथे नियम कागदावर सर्वांना सारखे होते. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देत होती, त्यामुळे जागतिक भाव दबत होता. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि खटला जिंकला. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनीही अनुदानं बंद करा आणि तोवर भरपाई द्या, अशी मागणी केली. ब्राझीलला प्रतिशुल्क, म्हणजे बदल्यात अमेरिकी मालावर जादा शुल्क, लावण्याची परवानगी मिळाली; पेटंट, कॉपीराइट अशा बौद्धिक संपदेच्या हक्कांवर घाव घालण्याची मुभाही मिळाली. अमेरिका लगेच बोलणी करायला बसली. आपल्या शेतकऱ्यांची अनुदानं चालू ठेवता यावीत म्हणून तिने ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर एकरकमी देऊन प्रकरण मिटवलं. अमेरिकी करदाता दोन देशांच्या कापसाला पोसत होता! मालीच्या शेतकऱ्याला यातलं काय मिळालं? त्या निकालातून थेट काहीच नाही. मालीने खटला जिंकला असता तरी अमेरिकी मालावर शुल्क वाढवून तिने फक्त स्वतःची आयात महाग केली असती. शिक्षा अंमलात आणायची ती फिर्यादीने, स्वतःच्या खिशातून. असा हा न्याय.

यावर कोणी म्हणेल, मग दारं बंद करा. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेहून अधिक माणसं गेली. तेव्हाही तिथले कपडे घेऊच नका, असा सूर निघाला. मला तो पटला नाही. ज्या बाईला त्या शिलाईच्या कामाने पहिल्यांदा स्वतःची कमाई मिळाली, तिचा हात आपण आणखी कमकुवत करणार. भिंतीला तडे दिसत असताना ‘मी आत जाणार नाही’ म्हणता न येणं, हा तिचा खरा प्रश्न होता. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक सुरक्षा करार झाला, धोकादायक काम नाकारण्याचा हक्क त्यात होता. व्यापार चालूच राहिला.

देशांच्या बाबतीतही मला तेच हवं आहे. मेक्सिकोने २००२ मध्ये सुचवलं होतं, की प्रतिशुल्काचा हक्क ज्या देशाला वापरता येत नाही, त्याला तो दुसऱ्या देशाला विकता यावा. आफ्रिकी देशांच्या गटाने सामूहिक प्रतिशुल्काची कल्पना मांडली. दोन्ही कल्पना मागे पडल्या. आता तर डिसेंबर २०१९ पासून, अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळे, संघटनेचं अपिलीय मंडळच बंद पडलं आहे. हरलेला देश तिथे अपील दाखल करतो आणि निकाल लोंबकळत राहतो. आज ब्राझीललाही तो कापसाचा खटला तडीस नेणं कठीण गेलं असतं.