लिलावात एअरगन विकली, तर हातात किती उरतं?

नमस्कार मंडळी.

सोलापुरात छर्‍याची बंदूक म्हटली की आधी गड्ड्याची जत्रा आठवते. होम मैदान, फुग्यांची पाटी आणि नळी मोडून भरायची ती बंदूक. आजचा विषय तिच्याच विलायती भावंडांचा आहे. बीएसए, वेब्ली, डायना या कंपन्यांच्या बंदुका. जुन्या वाड्यात माळ्यावर, धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली एखादी असते. घरातला कुणीतरी तिचं नाव नेटवर टाकतो, ब्रिटनमधल्या लिलावाचा आकडा सापडतो, त्याला पौंडाच्या भावाने गुणलं जातं आणि घरात वाटणीची बोलणी सुरू होतात.

तो आकडा विकणार्‍याच्या हातात पडत नाही. किती पडतो, ते आज मांडून दाखवतो.

(स्क्रीनवर: कोरा कागद, पेन)

आधी तीन शब्द. हातोडा पडतो त्या बोलीला हॅमर प्राइस म्हणतात. विकणारा लिलावघराला देतो ते कमिशन. आणि घेणारा हॅमर प्राइसच्या वर लिलावघराला देतो तो बायर्स प्रीमियम. म्हणजे लिलावघर दोन्हीकडून घेतं. ‘प्रीमियम घेणार्‍याचा, आपल्याला काय त्याचं?’ असं बहुतेकांना वाटतं. सगळा घोटाळा इथेच होतो.

घेणार्‍याच्या बाजूने बघा. समजा त्याने ठरवलंय की या रायफलवर एकूण ५०० पौंड घालायचे. तो ५०० ची बोली लावेल का? नाही. तो उलटा हिशोब करतो. प्रीमियम २५ टक्के धरू. त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, म्हणजे झाले ३० टक्के. तो घरी बसून ऑनलाइन बोली लावणार असेल तर त्या वेबसाइटचे ५ टक्के आणि त्यावर व्हॅट, म्हणजे आणखी ६. एकूण ३६ टक्के. शिवाय माल घरापर्यंत आणायचा खर्च ६० पौंड धरा.

हा ६० कुठून आला? ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानुसार व्यापारी एअरगन विकताना ती ग्राहकाला समोरासमोरच द्यावी लागते, थेट घरी पार्सल पाठवता येत नाही. म्हणून लिलावघर ती घेणार्‍याच्या गावातल्या नोंदणीकृत बंदूक-विक्रेत्याकडे पाठवतं आणि घेणारा तिथे जाऊन ओळखपत्र दाखवून उचलतो. वाहतूक एक, त्या विक्रेत्याची फी दुसरी.

आता ५०० मधून ६० गेले, राहिले ४४०. त्याला १.३६ ने भागा. येतात साधारण ३२३. बोली टप्प्याटप्प्याने चढते, त्यामुळे हा माणूस ३२० वर थांबतो. आपल्या रायफलला ५०० ची किंमत देणारा माणूस ३२० ला हात खाली घेतो. मधले पैसे प्रीमियम, व्हॅट, वेबसाइट आणि वाहतुकीच्या नावाने गेले, पण कमी झाली ती आपली बोली.

आता आपली बाजू. हॅमर प्राइस ३२०. कमिशन १५ टक्के, म्हणजे ४८ पौंड. विमा दीड टक्का, ४ पौंड ८० पेन्स. कॅटलॉगमधल्या फोटोचे ५. झाले ५७.८०. यावर २० टक्के व्हॅट, ११.५६. एकूण कपात ६९.३६. हातात उरले २५०.६४.

(स्क्रीनवर: घेणार्‍याचे गेले ४९५.२० / विकणार्‍याला मिळाले २५०.६४)

एकाच्या खिशातून ४९५ गेले, दुसर्‍याच्या खिशात २५० आले. निम्मे. हे दर उदाहरणासाठी धरलेत, लिलावघरागणिक ते बदलतात, पण मांडणी हीच राहते. तुमच्या लिलावघराचे दर यात घाला आणि पुन्हा करा. एकच लक्षात ठेवा, नुसतं कमिशन कमी आहे म्हणून लिलावघर निवडू नका. कमिशन १० आणि प्रीमियम ३० असेल तर तुमचा बराचसा फायदा बोलीतच वाहून जातो. दोन्ही आकड्यांची बेरीज बघा.

स्वस्त मालाची गत याहून वाईट. समजा ४० पौंडांची साधी बंदूक आहे. बर्‍याच ठिकाणी किमान कमिशन असतं, ते १० पौंड धरू. फोटो ५, विमा ६० पेन्स, त्यावर व्हॅट ३.१२. गेले १८.७२, उरले २१.२८. म्हणून ४०–५० च्या वस्तू एकेकट्या लॉटमध्ये (लॉट म्हणजे एका बोलीत विकला जाणारा माल) देऊ नयेत. दोन-तीन बंदुका, छर्‍यांचे जुने पत्र्याचे डबे, टार्गेट ठेवायची पेटी असं एका लॉटमध्ये बांधायला सांगायचं, म्हणजे किमान फी एकदाच लागते. पण त्यात एखादी दुर्मिळ वस्तू घुसू देऊ नका, ती गर्दीत मातीमोल जाते.

आणि विकलीच गेली नाही तर? रिझर्व्ह म्हणजे याच्या खाली द्यायची नाही ही रेषा. समजा रिझर्व्ह ३००, बोली २८० वर अडली. काही घरं रिझर्व्हच्या ५ टक्के फी लावतात, १५ पौंड. फोटो ५, विमा साडेचार, व्हॅट ४.९०. बंदूक जागेवरच आणि वर २९.४० पौंड तुमच्याच खिशातून. परत न्यायची वाहतूक वेगळी. रिझर्व्ह फार उंच ठेवला की बोली सुरूच होत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: लिलावघर किमतीचा ‘इतके ते इतके’ असा अंदाज देतं, रिझर्व्ह त्यातल्या खालच्या आकड्यापेक्षा थोडा कमीच ठेवावा, आणि लिलावदाराला त्यातही १० टक्के खाली यायची मुभा द्यायची की नाही, हे करारात लिहून घ्यावं. तोंडी नको.

नेटवर दिसलेल्या त्या आकड्याबद्दलही एक. काही घरं निकालात नुसती हॅमर प्राइस छापतात, काही प्रीमियम मिसळून. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. मिसळलेला आकडा हॅमर समजून चाललात तर सुरुवातीलाच पाव हिस्सा चुकलात.

आता खरा प्रश्न. सोलापुरातली बंदूक तिथे जाईल का?

नळीचं माप आधी बघा. ०.१७७ इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर, ०.२२ म्हणजे साडेपाच. बीएसएच्या जुन्या रायफलींवर ‘नंबर १ बोअर’ लिहिलेलं असेल तर ०.१७७, ‘नंबर २’ असेल तर ०.२२. छाप पुसट असेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही टर्नरकडे व्हर्निअर असतो, मिनिटाचं काम. बंदूक रिकामी आहे आणि स्प्रिंग चढलेली नाही, हे आधी बघा. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार माप ०.१७७ पर्यंत आणि नळीतून निघताना छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. २० ज्यूल म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण २८३ मीटर वेगाने. जुन्या स्प्रिंगच्या ०.१७७ बंदुका त्याच्या पुष्कळ खाली असतात.

पण ०.२२ निघाली तर थांबा. आजोबांची आहे, कधी वापरली नाही, हे कायद्यात चालत नाही, परवाना लागतो. तिचा फोटो विक्रीसाठी कुठेही टाकू नका. वकिलाला सोबत घेऊन परवाना शाखेत जा. शहरात असाल तर पोलीस आयुक्तालय, तालुक्यात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय.

दुसरी अडचण वयाची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. लिंकन जेफ्रीज या इंग्रज बंदूककाराच्या आराखड्यावर बीएसएने १९०५ पासून रायफली बनवल्या. वेब्लीचं मार्क १ पिस्तूल १९२४ चं. म्हणजे संग्राहक ज्यांच्यामागे धावतात त्यांतल्या कित्येक या रेषेच्या पलीकडे गेल्या. वस्तू पुरावशेष आहे की नाही हे पुरातत्त्व खातं ठरवतं, आपण नाही. शंभरच्या आतली असली तरी शस्त्र म्हणून निर्यातीची परवानगी, तिकडच्या आयातीचे नियम आणि मुळात एअरगन घेणारा कुरिअरवाला शोधणं, हे सगळं उरतंच. बर्मिंगहॅमला असलेल्या जावयाने बॅगेत टाकून न्यावी, ही कल्पना तर डोक्यातून काढूनच टाका.

म्हणून आमचा सल्ला असा. बंदूक तिकडेच असेल, नातेवाइकांची असेल, तर वरचा हिशोब करून लिलावात द्या. संग्रह मोठा असेल तर फोटोची फी माफ करून मागा, कमिशनवर घासाघीस करा, ती चालते. बंदूक इथे असेल तर परदेशी लिलावाचा नाद सोडा. पुण्या-मुंबईतल्या संग्राहकाला किंवा परवानाधारक विक्रेत्याला थेट द्या. देशातच कुणी लिलावात घेणार असेल तर कमिशनवर १८ टक्के जीएसटी धरून वरचीच मांडणी करा.

विकायच्या आधी एक कृपा करा, तिला चमकवू नका. पॉलिश पेपरने घासून, निकेल चढवून आणलेल्या बंदुकीची किंमत खूप खाली येते, कारण संग्राहक पैसे देतो ते मूळ निळ्या झळाळीचे आणि कारखान्याच्या ठशांचे. गंज असेल तर मऊ फडक्यावर पातळ तेल, बस. लाकडाला वार्निश नको. स्प्रिंग बदलली असेल तर जुनी स्प्रिंग पिशवीत घालून सोबत द्या. आतलं चामड्याचं वॉशर वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं असतं. ‘चालते का बघू’ म्हणून रिकामी झाडली की पिस्टन थेट धातूवर आपटतो. चालवून दाखवायची गरज नाही, तशी नोंद वर्णनात करा.

डायनाबाबत जपून. रास्टॅटची जर्मन डायना वेगळी आणि युद्धानंतर जर्मन यंत्रसामग्री नेऊन स्कॉटलंडच्या मिल्ब्रो कंपनीने बनवलेली डायना वेगळी. नाव तेच, भाव वेगळा. आपल्याकडच्या नकलाही दिसायला तशाच असतात. नळीवर कोणत्या देशाचं नाव कोरलंय ते वाचल्याशिवाय किंमत बोलू नका.

फोटो सहा लागतात: दोन्ही बाजू पूर्ण, नळीवरची अक्षरं, सिरियल नंबर, लाकडावरची चीर असेल तर जवळून आणि तोंडाकडून नळी. उजेड खिडकीचा, फ्लॅश नको, फ्लॅशमध्ये गंज लपतो आणि मग घेणारा समोर आल्यावर भाव पाडतो. व्यवहाराच्या दिवशी साध्या कागदावर सिरियल नंबर, बोअर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि घेणार्‍याच्या ओळखपत्राची प्रत. हा कागद पुढे ती बंदूक कुणाच्याही हाती गेली तरी तुमच्याकडे राहायला हवा.