तहहयात

मंगळवेढ्याकडची ही काळी जमीन. ज्वारी कमरेला लागलीय. बांधावर बसलेल्या काकूंच्या मांडीवर एक पिवळं पडलेलं खत आहे, त्यांच्या निपुत्रिक चुलत आजेसासूचं. भावकीशी वाद झाला तेव्हाचं. घडीवर फाटलंय, पण एक शब्द अजून स्पष्ट वाचता येतो: तहहयात. जमीन कसा, पीक खा, पण मोठी नड असल्याशिवाय विकायची नाही. डोळे मिटले की ती नवऱ्याच्या वारसांकडे परत.

एवढं तरी मिळालं, कारण त्या आजेसासूंचा नवरा भावांपासून विभक्त झालेला होता. एकत्र कुटुंबात नवरा गेला तर त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांत जिरून जाई. विधवेच्या वाट्याला अन्नवस्त्र.

या कायद्याचं मूळ शोधायला सोलापुरातून हैदराबाद रस्ता धरायचा. नळदुर्ग, उमरगा मागे पडलं की बसवकल्याण, चालुक्यांची जुनी राजधानी. नऊशे वर्षांपूर्वी इथे विज्ञानेश्वराने मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, लिहिली. निपुत्रिकाच्या वारसांची याज्ञवल्क्याची यादी सुरू होते ‘पत्नी’ या शब्दाने, आणि विज्ञानेश्वराने पत्नीची बाजू हिरिरीने लढवली. अटी दोन: नवरा विभक्त हवा, बाई शीलवान हवी. वारशाने आलेली मालमत्ताही त्याने स्त्रीधनात, म्हणजे बाईच्या स्वतःच्या धनात धरली. ते मानलं नाही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने. बाईच्या हक्काला ‘शास्त्रात आधार नाही’ म्हणणाऱ्यांनी मिताक्षरा एकदा उघडून बघावी.

शीलाच्या अटीची किंमत बघायची तर पंढरपूरला जावं लागतं. तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. विधवांची मुलं ती. पोट दिसलं की अब्रू जायची, आणि तिच्यामागोमाग अन्नवस्त्राचा हक्कही. त्या बायांनी कसल्या रात्री काढल्या असतील, याचा विचार आश्रमाच्या दारात उभं राहिलं की सुटत नाही.

१८८० साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं, वारसा एकदा मिळाला की पुढच्या वर्तनावरून तो काढून घेता येणार नाही. पुनर्विवाह केला तर मात्र जमीन जाई. १८५६ च्या ज्या कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली, त्याच्याच दुसऱ्या कलमाने पहिल्या नवऱ्याची मालमत्ता काढून घेतली. ज्या जातींत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, पूर्वापार लागत होता, त्यांनाही मुंबई हायकोर्टाने हेच कलम लावलं.

१९३७ मध्ये डॉ. गोपाळराव देशमुखांच्या विधेयकामुळे विधवेला मुलाइतका हिस्सा मिळाला, पण तहहयातच. तो शब्द गेला १७ जून १९५६ ला, हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने. काकूंच्या आजेसासू तेव्हा हयात होत्या, जमीन त्यांच्याच ताब्यात होती. त्या दिवशी त्या पूर्ण मालक झाल्या. विकू शकल्या असत्या, हव्या त्याच्या नावे करू शकल्या असत्या. गावात कुणी येऊन हे सांगितलं नाही. त्या खत जपत राहिल्या.

काकूंचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. सून तरुण आहे, तिच्या माहेरचे स्थळ बघतायत. भावकीचं एकच टुमणं: लग्नाआधी हक्कसोडपत्र करून घ्या, नाहीतर जमीन परक्या घरात जाईल. कायद्यात याला आधार नाही. वारसा नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणीच मिळतो. नंतर लग्न केलं म्हणून तो जात नाही. पण सोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते मोडायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिथे वर्षं जातात.

काकू म्हणाल्या, “जमिनीचा नि लग्नाचा काय संबंध हाय? त्याच्या मागं आम्ही दोघीच हाव. नाव दोघींचंबी लागंल.”

तलाठी कार्यालयात आज फेरफार मंजूर झालाय. काकूंनी नवा सातबारा सुनेच्या हातात दिला. ती नाव वाचते, मग नावापुढची ओळ बोटाने शेवटपर्यंत तपासते. तिथे क्षेत्र आहे, आकार आहे. दुसरं काही नाही.