फॉन्ट बदलून मराठी परत येत नाही. खरंच येत नाही!

नमस्कार मंडळी! मागचा व्हिडिओ होता प्रिंटरवर आणि खाली निम्म्या कमेंटी भलत्याच. "दादा, फाईल उघडली की मराठीच्या जागी काहीतरीच दिसतंय, मंगल फॉन्ट लावला तरी येत नाही." एका पठ्ठ्यानं तर हीच कमेंट तीनदा टाकलीय. म्हणून आज प्रिंटर राहू दे.

आधी तोंडओळख, पटकन. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे ठरवून घेतलं की झालं एन्कोडिंग. आस्की हे जुनं एन्कोडिंग, त्यात जागा १२८, त्या इंग्रजीनंच भरल्या. १९९१ मध्ये युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांना आकडे देणाऱ्या यादीची, पहिली आवृत्ती आली, त्यात देवनागरीला स्वतःचे आकडे मिळाले. एवढं पुरे.

पण डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारे आम्ही वर्षानुवर्षं जुगाडावर जगलो. फाईलीत ठेवायची इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यावर फॉन्टनं मराठी चित्रं चढवायची. हे बघा, स्क्रीनवर. कृतिदेव या असल्याच जुन्या फॉन्टमध्ये 'सातारा' टाइप केलंय. आता कृतिदेव काढतो, एरियल लावतो. काय उरलं? एल, के, आर, के, जे, के. हे आत्ता बिघडलं का? नाही! फाईलीत पहिल्यापासून हेच होतं.

दारात बहुरूपी येतो ना, फौजदाराच्या वेशात? त्याला दुसरी टोपी घातली म्हणून तो फौजदार होतो का? मग मंगल लावून काय होणार? मंगल हा युनिकोडचा फॉन्ट, सरळ आहे बिचारा, समोर 'एल' आहे तर 'एल'च दाखवणार.

अजून पटत नसेल तर कृतिदेवची फाईल उघडा, कंट्रोल एफ दाबा, नेहमीच्या युनिकोड कीबोर्डनं 'सातारा' टाका. डोळ्यांसमोर ढळढळीत सातारा दिसतोय आणि कॉम्प्युटर म्हणतोय, सापडत नाही. खरं बोलतोय तो.

मी स्वतः यात तोंडावर पडलोय. माझं सांगलीत पत्रिका छापायचं दुकान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आत आलं, पीसी गेला. सीड्या वरच्या फळीवर होत्या म्हणून वाचल्या. नव्या लॅपटॉपवर उघडल्या तर सगळा इंग्रजी काला! मी घरी सांगून मोकळा, की पुरानं फाईलीही नेल्या. आठ दिवस सुतक पाळल्यासारखा बसलो होतो. फाईली ठणठणीत होत्या हो, लॅपटॉपवर तो जुना फॉन्ट नव्हता.

मग युनिकोडमध्ये आणायचं कसं? कन्व्हर्टरनं. त्यात जुना फॉन्ट नेमका निवडा, कारण श्रीलिपीचा हिशोब वेगळा, कृतिदेवचा वेगळा. आणि नंतर वाचून काढा, कृपा करून वाचून काढा! कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं उलटं. म्हणजे कन्व्हर्टरला नुसते आकडे बदलून भागत नाही, जागाही हलवाव्या लागतात आणि तिथंच तो घसरतो. पत्रिकेत 'चिरंजीव'ची वेलांटी शेजारी गेली की मुलाकडचे आपल्याला सोडत नाहीत.

आता दुसरं दुखणं, ते वेगळं आहे. सीएसव्ही फाईलवर, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या तक्त्यावर, डबल क्लिक केलं, एक्सेल उघडलं आणि दिसलं काय? डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, शेजारी चार पाय फुटलेला गोल, पुन्हा तसाच ए, पुन्हा गोल. इथं मराठी शाबूत आहे. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडचे आकडे फाईलीत साठवायची पद्धत; तिच्यात देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन छोटी घरं, लागतात. 'सांगली' म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाइट. एक्सेल एकेका बाइटचं एकेक अक्षर करून बसलं. शेवटच्या दीर्घ वेलांटीत तर जपानी येनचं चिन्ह निघतं, बघा झूम करून!

हे बंद करा. सेव्ह विचारलं तर नाही म्हणा. त्यावर सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलंत तर तो कचराच नीट यूटीएफ-८ मध्ये पक्का होतो. कोरी शीट घ्या, डेटा, फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही, फाईल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. आली मराठी.

एका ताईंनी विचारलंय, मेलमध्ये अर्थ नसलेली अक्षरं पानभर आली, व्हायरस आहे का? बहुतेक ते बेस सिक्स्टीफोर असणार. त्यात फोटो, पीडीएफ मेलनं पाठवताना तीन बाइटची चार साधी अक्षरं करतात, म्हणून आकार तिसऱ्या हिश्श्यानं फुगतो. तुमच्याकडे ती उलगडली गेली नाहीत, इतकंच. तरी ओळखीच्या माणसाचा मेल नसेल तर उलगडायच्या भानगडीत पडू नका.

आणि मदत मागताना फक्त पहिल्या ओळीचा फोटो टाका. परवा एकानं पतसंस्थेची अख्खी सभासद यादी टाकली, मोबाईल नंबरांसकट. मी ती काढून टाकलीय.

हां, माझ्या सीड्या. तोच जुना फॉन्ट टाकला, पहिली फाईल उघडली आणि वर ओळ आली, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. बायकोला हाक मारून दाखवली.