कानबाईला गाव भरतं, तेव्हा शहरातलं घर

श्रावण. नागपंचमीनंतरचा रविवार. खान्देशात आज घरोघरी कानबाई देवी बसते. रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, सगळी भाऊबंदकी मूळ गावी जमते. सुरतेहून, पुण्याहून माणसं येतात, तशी जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांतूनही निघतात. अमळनेर, शिरपूर, शहाद्याकडची गावं गजबजतात, आणि इकडे शहरातल्या एकाच गल्लीत ओळीनं कुलपं लागतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाची पायी वारी. मे महिन्यात लग्नसराई. घर कधी रिकामं असणार, हे आपले सणवारच सांगतात. चोरालाही ते पाठ असतात.

तो आधी गल्लीतून फेरी मारून जातो. फाटकात पडलेला पेपर, दोन दिवस सडा न पडलेलं अंगण, भरदुपारी जळणारा ओट्यावरचा दिवा. एवढं त्याला पुरतं.

निघताना रिक्षात बसता बसता आपण शेजारी हाक मारतो, ‘ताई, घरकडे ध्यान ठेवजो!’ आम्हाला वाटतं, हे पुरेसं नाही. ताईंना नेमकं काम सांगा. सकाळी पेपर उचला, अंगण झाडून सडा टाका, संध्याकाळी दिवा लावा, सकाळी बंद करा, तुमची गाडी आमच्या फाटकाशी लावा. त्या गावाला गेल्या की हेच आपण करायचं. कॅमेरा जरूर बसवा, पण तो अंगण झाडत नाही.

आता दाराकडे बघू. कुलूप महागडं असतं, कोयंडा मात्र चार छोट्या स्क्रूंवर. पहारीचा एक हिसका बसला की कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडाच उखडून येतो. दाराच्या आत बसणारं लॉक घ्या. ते रस्त्यावरून लटकताना दिसत नाही. कोयंडाच ठेवायचा असेल, तर आरपार बोल्टचा बसवा.

आणि कूलर! आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो खिडकीला लागतोच. त्यासाठी कित्येक घरांत खिडकीची जाळी कापलेली असते, आणि पावसाळ्यात कूलर हलवला तरी ते भगदाड तसंच राहतं. तिथे लोखंडी जाळी वेल्डिंग करून घ्या. गच्चीच्या जिन्याचं दारही तपासा, ते बहुतेक घरांत सगळ्यात तकलादू असतं.

सोनं घरात ठेवून गावाला जाऊ नये. बँकेच्या लॉकरमधून चोरी झाली, तर १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर ६ अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. तो लिहून घ्या, दागिन्याचा आणि पावतीचा फोटो काढा, आणि ही नोंद कपाटात न ठेवता फोनमध्ये ठेवा. गावचे फोटो स्टेटसला टाकायचे, तर परतल्यावर.

परत आलात आणि कडी तुटलेली दिसली, तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. नसला तरी बोटांचे ठसे पुसले जातात, श्वानपथकाला माग काढणं अवघड होतं. बाहेरूनच ११२ ला फोन करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार फिर्याद इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र ३ दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते.