अमळनेरच्या डब्यातला कागद

(दृश्य: स्वयंपाकघरातली फळी, त्यावर पत्र्याचा जुना डबा)

या डब्यात आता कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ असतं. डबा मात्र वनस्पती तुपाचा. रंग उडालाय, फुलाची एक पाकळी तेवढी ओळखू येते. छाप 'सनफ्लॉवर', आत माल शेंगदाण्याच्या तेलाचा आणि घरोघरी नाव 'डालडा'. म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं! खान्देशात त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

(दृश्य: बोरी नदीचा पूल, सकाळ)

अमळनेर. सखाराम महाराजांचं गाव, साने गुरुजी जिथं मास्तर होते ते गाव, प्रताप शेठजींच्या गिरणीचं गाव. 2024 ला इथं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा पाहुण्यांना हीच नावं पुन्हा पुन्हा ऐकवली गेली. आम्ही मात्र आज त्या 'सनफ्लॉवर' डब्याच्या कारखान्याच्या, म्हणजे विप्रोच्या फाटकापाशी उभे आहोत.

'वेस्टर्न'चा व, 'इंडिया'चा इ, पुढे 'प्रॉडक्ट्स'. झालं विप्रो. मधला 'व्हेजिटेबल' तेवढा गळला. पूर्ण नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, नोंदणी 29 डिसेंबर 1945, जिल्हा तेव्हाचा पूर्व खान्देश. संस्थापक एम. एच. हाशम प्रेमजी. त्यांचा मुलगा अझीम त्याच वर्षी जुलैत जन्मलेला. कंपनी आणि पोरगा, दोघं एका वयाचे.

(दृश्य: बाजार समिती, शेंगांचे ढीग)

मुंबईचा माणूस इथं कशाला आला, ते या ढिगाकडे बघून कळतं. शेंग आणि तीळ दारात. रूळ अंगणात: एकीकडे सुरत, दुसरीकडे जळगाव.

हे व्यापारी बघा. मूठभर शेंगा उचलल्या, कानाशी हलवल्या. खुळखुळल्या तर वाळलेल्या. मग एक फोडली, दाणा दाताखाली. भाव त्यानंतर.

दाण्याचं तेल निघालं की त्यातली आम्लं कॉस्टिक सोड्यानं मारायची, रंग काढायचा. मग बंद भांड्यात निकेलच्या पुडीबरोबर तापवून त्यात दाबाखाली हायड्रोजन सोडायचा. गार होताना तेच पातळ तेल रवाळ गोठतं. इतकं तुपासारखं, की तुपातली भेसळ पकडता यावी म्हणून सरकारनं वनस्पतीत तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तीळ असला की तपासणीच्या नळीत लाल रंग उमटतो, चोरी उघडी! आणि सोड्यानं खाली बसतो तो गाळ? त्याचा कपड्यांचा साबण, '787'. शेंगेतलं काही वाया घालवायचं नाही, हा धडा या फाटकाच्या आतला आहे, बंगळुरूचा नाही.

(दृश्य: फाटक, दुपार)

ऑगस्ट 1966. वडील गेले. अझीम प्रेमजी तेव्हा 21 वर्षांचे, अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून परतले. पहिल्याच सर्वसाधारण सभेत एका भागधारकानं तोंडावर ऐकवलं: तुमचे शेअर विका, धंदा जाणत्या माणसाच्या हाती द्या. हा प्रसंग पुढे खूप वेळा सांगितला गेला. मुलानं शेअर विकले नाहीत.

1977 ला नाव विप्रो झालं. परकीय भांडवलाच्या कायद्यापुढे आपला हिस्सा कमी करायला आयबीएम तयार नव्हती. ती कंपनी त्याच सुमारास भारत सोडून गेली. संगणकाच्या बाजारात जागा मोकळी पडली आणि तेल-साबणाच्या पैशाच्या जोरावर प्रेमजी तिथं शिरले. पुढे बंगळुरू, मिनी-कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, 2000 साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार. ते सगळीकडे छापून आलंय.

(दृश्य: प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघणारा कागद, क्लोजअप)

हे कुठं छापून येत नाही. इथल्या एका आजींकडचं, घडीवर फाटलेलं विप्रोचं शेअर सर्टिफिकेट, मागं हस्तांतराच्या नोंदी, जांभळे शिक्के. स्टार्टअपला पहिला पैसा देणाऱ्याला आता एंजल इन्व्हेस्टर म्हणतात. आमच्याकडे तो दिवसभर गल्ल्यावर बसायचा, तागडी धरायचा आणि संध्याकाळी असा कागद कपड्यांच्या घडीखाली सरकवायचा.

हिशेब बोटांवर करू. 1997 च्या सुरुवातीला हातात दहा रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर धरा. त्याच वर्षी एकाला दोन बोनस, म्हणजे एका शेअरमागे दोन फुकट, झाले तीन. 1999 ला दर्शनी किंमत दहाची दोन रुपये केली, एका शेअरचे पाच तुकडे, म्हणजे तिनाचे पंधरा. 2004 ला पुन्हा एकाला दोन: पंचेचाळीस. 2005 ला एकाला एक. नव्वद. आठ वर्षांत, कपड्यांच्या घडीखाली.

मधे 2000 चा फेब्रुवारी येऊन गेला. भाव शिखरावर गेला आणि वर्षभरात कोसळला. "वडील म्हनायचे, इकू नको," आजी सांगतात. मुलीच्या लग्नाला त्यांनी थोडे विकले. बाकीचे आहेत.

(दृश्य: नातू फोनवर डिमॅट खातं दाखवतो)

प्रेमजी स्वतःही गुंतवणूकदार झाले. 2006 मध्ये प्रेमजी इन्व्हेस्ट उभी राहिली; मिंत्रा, स्नॅपडील, लेन्सकार्ट अशा नव्या कंपन्यांत तिनं पैसा घातला. 2019 च्या मार्चमध्ये विप्रोतल्या आणखी 34 टक्के शेअर्सचं उत्पन्न शिक्षणाचं काम करणाऱ्या फाउंडेशनच्या नावे झालं. त्याच जुलैत ते अध्यक्षपदावरून निवृत्त झाले.

साबणाचा धंदा 2013 मध्येच वेगळा काढला होता. तो गेला विप्रो एंटरप्रायझेसकडे आणि ती कंपनी शेअरबाजारात नाही. नातवाच्या फोनवर भाव हलतोय तो सॉफ्टवेअरचा.

(दृश्य: स्वयंपाकघर, संध्याकाळ. निवेदन नाही. आजी कागद पिशवीत घालतात, पिशवी फळीवर सारतात, डबा पुढे ओढतात. पिठाच्या दोन वाट्या परातीत.)

डब्याचं झाकण आता नीट बसत नाही. वर वरवंटा ठेवतात.